दार ओढून घ्या

त्या रिकाम्या फ्लॅटमध्ये खिडकीशी, फरशीवर खुर्चीच्या पायांचे चार डाग आहेत. पुसून जात नाहीत. घरं दाखवणं हा माझा धंदा, त्यामुळे गिऱ्हाईक आलं की मी त्या डागांवर उभा राहतो.

तिथं एक काकू बसायच्या, पाठमोऱ्या. एकट्याच राहायच्या. घर विकायला काढलं होतं आणि एक किल्ली माझ्याकडे दिली होती. निघताना मी म्हणायचो, “काकू, येतो.” त्या न वळता म्हणायच्या, “या. दार ओढून घ्या.”

एका दुपारी जोडपं घेऊन गेलो, तर काकूंची मान कललेली. “झोपल्यात, हळू बोला,” मी म्हणालो. आम्ही पाय न वाजवता कपाटं उघडली, नळ सोडून पाहिले. निघताना सवयीनं ‘येतो’ म्हटलं. उत्तर आलं नाही. तरी मी दार ओढून घेतलं.

काकू सकाळीच गेल्या होत्या, हे संध्याकाळी शेजाऱ्यांकडून कळलं.

‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावं, असं लहानपणी शिकवतात. पण ‘येतो’ म्हटलं की आपण शब्द दिलेला असतो, हे कुणी सांगत नाही. माणूस गेल्यावर तो शब्द घराकडे राहत असेल का?

काल एका बाईंना तेच घर दाखवलं. डागांकडे बघत निघालो, या वेळी ‘येतो’ म्हटलं नाही. जिन्यात बाई थांबल्या.

“आत कोण राहतं हो? दार ओढून घ्या म्हणाल्या.”