कोळशाच्या मोटारीचा ड्रायव्हर

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासं झालं, तेव्हा कर्जत-खालापूर मोटार लोणारी कोळशावर धावू लागली. मागच्या टाकीत कोळसा धुमसायचा, त्याचा वायू इंजिन ओढायचं. तो वायू माणसालाही मारतो. म्हणून ड्रायव्हर उतारूंना लांब उभं करी आणि एकटाच टाकी पेटवायचा पंखा फिरवत इंजिनाशी बोले, "घे रं राजा, घे." ड्रायव्हरशी मात्र कोणी बोलत नसे.

मालकाने गळकी टाकी बदलावी, असा अर्ज लिहून मी, रोजच्या उतारूने, ड्रायव्हरची सही मागितली.

"गाडी काढून घेतील, भाऊ. मंग मी बोलू कुनाशी?"

भित्रा! मी तोंडावर म्हटलं.

आठवड्याने तो टाकीपाशी कोसळला. मी धावलो. त्याने हात वर केला, "तुमी लांबच ऱ्हावा!"

तो एकटाच रांगत वाऱ्याला आला. त्याने सांगितल्याप्रमाणे मी लांबच उभा होतो.