सज्जात अडकलेल्या दोन विहिणी

आमच्या विहीणबाई कोल्हापूरच्या आहेत, एवढं सांगितलं की निम्मी गोष्ट सांगून होते. उरलेली निम्मी अशी.

लेकीच्या लग्नाला वर्ष होत आलं तरी त्या आमच्याकडे राहायला म्हणून आल्या नव्हत्या. गेल्या हिवाळ्यात शनिवार-रविवार धरून एकट्याच आल्या. शनिवारी मी त्यांना कडक भाकरी, शेंगाचटणी, चादरींची दुकानं असं सगळं सोलापूर खाऊ घातलं आणि दाखवलं. प्रत्येक वेळी त्या एकच बोलायच्या, "बरंय की." हे कौतुक होतं की पंचनामा, ते मला काही केल्या कळेना.

हुकमाचं पान मी रविवारसाठी राखून ठेवलं होतं. कोल्हापूरसारखा राजवाडा आमच्याकडे नाही, हे मान्य. पण सात रस्ता चौकापासून जवळच एका जुन्या गिरणीमालकाची दगडी कोठी आहे. वर घुमट, पोर्चच्या छतावर सिंह, खांबाखांबावर वेली आणि पंख लावलेल्या बायका. आता तिथं कसली तरी कचेरी आहे, पण रविवारी लोकांना आतून बघू देतात. वास्तुकला शिकणारी मुलं कुठून कुठून ती बघायला येतात. मी आठवडाभर मोबाइलवर वाचून महिरपी, तुळया, झरोके पाठ करत होते. "परीक्षेला बसलीयस काय गं?" असं ह्यांनी विचारलंसुद्धा. (हे म्हणजे आमचे मालक. कानानं जरा कमी आहेत, बाकी सगळ्यानं जास्त.)

कोठीवर पोचल्यावर आम्ही दोघींनी आपापल्या पर्स ह्यांच्याकडे दिल्या, फोटोत बऱ्या दिसत नाहीत म्हणून. मोबाइल अर्थातच पर्समध्ये. ह्यांचा गुडघा धरलेला, त्यामुळं ते खालीच थांबले आणि मी विहीणबाईंना घेऊन वर गेले. जिना दाखवला, त्या म्हणाल्या बरंय की. रंगीत काचा दाखवल्या, बरंय की. नक्षीच्या छताखाली उभं करून मी इतकं बोलले, की माझाच घसा बसला. त्यावरही बरंय की.

शेवटी आम्ही पुढच्या सज्जात आलो. सज्जाला जुनं सागवानी दार आहे. आता काहीतरी ठोस दाखवायलाच हवं होतं. मी म्हटलं, "बघा विहीणबाई, शंभर वर्षं झाली असतील, पण बिजागरी कुरकुरत नाही. एका बोटानं बंद होतं."

आणि एका बोटानं ते बंद केलं. खरंच कुरकुरलं नाही. फक्त पलीकडून आतली कडी खाली पडल्याचा 'टक्' असा आवाज आला.

विहीणबाईंनी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अन् उघडतंय कसं?"

ते मी वाचलं नव्हतं.

दार ढकलून झालं, ओढून झालं, ठोकून झालं. आत चिटपाखरू नाही. खाली बघितलं तर हे अंगणात उभे. हाका ह्यांच्या कानापर्यंत पोचेनात, म्हणून मी दोन्ही हात हलवले. ह्यांनीही हलवले. मी दाराकडे बोट दाखवलं, तर ह्यांनी मोबाइल काढून आमचा फोटो घेतला आणि जवळ जवळ उभ्या राहा, अशी खूण केली. विहीणबाई खरंच जवळ सरकल्या. मग हे समाधानानं सज्जाखालच्या पायरीवर बसले आणि त्यांनी लेकीला फोन लावला.

आमचे हे फोनवर बोलतात ते फोनची गरजच नसल्यासारखं. प्रत्येक शब्द वर येत होता. आधी हवापाणी झालं. मग म्हणाले, "अगं, तुझी आई काय म्हणाली ठाऊक आहे का? म्हणाली, तुझ्या सासूबाईंना ताजमहाल दाखवला तरी विचारतील, धुणं कुठं वाळत घालायचं!"

मी कठड्यावरून खाली बघितलं. उडी मारून पळण्याइतकी उंची कमी नव्हती, आणि मरण्याइतकी जास्तही नव्हती.

लेकीचा संसार माझ्या डोळ्यांपुढून गेला. विहीणबाईंनी सगळा सज्जा निरखला आणि अगदी मनापासून विचारलं, "न्हाई, पण खरंच, कुठं घालत असतील हो?"

मला हसू फुटलं. त्याही हसल्या. मग म्हणाल्या, "पोरानं बजावून पाठवलंय. आई, तिथं कशाला नावं ठेवू नको, सगळ्याला बरंय म्हण. दोन दिवस जीभ दाबून हाय बघा मी. आता जरा बोलतो." (कोल्हापूरच्या बायका 'बोलतो'च म्हणतात.)

आणि त्या बोलल्या. सिंहाचं तोंड मांजराचं, अंग म्हशीचं. एवढे जाडजूड खांब, आणि त्यांनी डोक्यावर घेतलंय काय, तर एक कुंडी. सोलापूरच्या उन्हात त्या बायकांना पंख कशाला लावले, एखादा पंखा द्यायचा. मी बिचकत म्हटलं, की जाणकार याला मिश्र शैली म्हणतात.

"म्हणजे मिसळ म्हणा की," त्या म्हणाल्या. "मग हिच्यात कटच न्हाई."

मग कठड्यावर हात टेकून त्यांनी वारं अंगावर घेतलं. "ह्यो सज्जा मात्र झ्याक काढलाय. आत राबणाऱ्या बाईला घटकाभर उभं राहायला जागा पाहिजे, हे कुणाला तरी कळत होतं."

आठवडाभर वाचूनही हे मला कुठं सापडलं नव्हतं. पण सुटायला तर हवं होतं. ह्यांचं लक्ष वेधायला मी पायातली चप्पल काढून खाली फेकली. ती सरळ बाजूच्या पोर्चच्या छतावर सिंहाशेजारी जाऊन बसली. विहीणबाई म्हणाल्या, असं नसतं, आणि त्यांनी आपली फेकली. ती ह्यांच्या खांद्यावर बसली.

हे ताडकन उठले. तोंड उघडलं, वर बघितलं, चप्पल कुणाची ते ओळखलं, आणि तोंड मिटलं. मुलीकडचे ना आम्ही! दोन्ही हातांत ती चप्पल धरून, गुडघा विसरून, हे जिना चढून आले, कडी काढली आणि म्हणाले, "विहीणबाई, तुमची पडली वाटतं."

माझी काही खाली येईना. एक पाय अनवाणी घेऊन मी रस्त्यावर आले, तेव्हा विहीणबाईंनी पहिल्यांदाच आपणहून विचारलं, आता काय बघायचं? मी म्हटलं, चपलेचं दुकान.

कोल्हापूरच्या बाईला चपलेच्या दुकानात नेऊ नये. दुकानदारानं दाखवलेला प्रत्येक जोड उलटा करून त्यांनी नावं ठेवली, आणि शेवटी वरच्या फळीवरचा एक काढायला लावून स्वतः माझ्या पायात घातला. तो अर्थातच कोल्हापुरी होता. सोलापूरची शान दाखवायला सकाळी निघालेली मी दुपारी कोल्हापूर पायात घालून, करकर वाजवत घरी आले.

आधीच घरी पोचलेले हे माझ्या पायांकडे बघून दारातच म्हणाले, "बरंय की."