शिडाचा दोर आणि उसाच्या गाडीची गाठ

मंडळी, वाचनालयाच्या फळ्यावर हा कागद लावतोय.

नौदलातून निवृत्त होऊन आल्यापासून मी माझ्या छोट्या होडीला चिनी पद्धतीचं शीड बसवत होतो. त्यात आडव्या बांबूच्या काठ्या असतात. वारा वाढला की एकच दोर सोडायचा, अख्खं शीड घड्या घालत खाली येतं. म्हणून तर जुनं शीड काढलं.

आज दुपारी कोयनेच्या धरणात पहिल्यांदा होडी घातली. सोबत मेहुणा ज्ञानू, इस्लामपूरचा, आयुष्यभर उसाच्या गाड्या भरलेला. त्याला पोहता येत नाही. शिडाचा दोर त्यानंच बांधला होता.

मध्यावर पोचलो आणि डोंगराकडून वारा सुटला. होडी कलली, काठावरून पाणी आत यायला लागलं.

"ज्ञानू, दोर सोड."

"दाजी, सुटंना."

त्यानं उसाच्या गाडीची गाठ मारली होती, पीळ देऊन, वर पाणी शिंपडून आवळलेली. माझे दोन्ही हात सुकाणूवर. पाणी घोट्यापर्यंत आलं.

"मग तोड."

त्यानं कमरेचा कोयता काढला आणि एका घावात दोर तोडला. शीड खाली आलं, होडी सरळ झाली.

काठावर मी त्याच्यावर भडकलो. तो शांतपणे म्हणाला, "आवं दाजी, तुमीच म्हनला, दोर सैल पडाय नगं. सोडायचा हाय, ह्ये कवा सांगितलं?"

नव्हतं सांगितलं.

मंडळी, तुम्ही कुणाला काय अर्धंच सांगून ठेवलंय?