कामाचं नसलेलं गाणं

वडिवळ्याहून तळेगावात आमच्याकडे दूध घालायला येणारा माणूस रोज अर्धा तास गेटवर रेंगाळायचा. धरणाकाठच्या त्याच्या घरी रेंज नसते, म्हणून आमच्या वायफायवर तो गाणी डाउनलोड करून घ्यायचा आणि दिवसभर भातखाचरात ऐकायचा. आफ्रिकेतले ढोल, अरबी गाणी, कुठल्याशा बर्फाळ देशातल्या बायकांचं समूहगान. नवं गाणं ऐकताना तो डोळे बारीक करायचा, जणू दुधात पाणी आहे का बघतोय.

मी तीस वर्षं तीच वीस गाणी ऐकतो. "भाऊ, रोज तीच आमटी खाता व्हय?" तो विचारायचा.

गेल्या महिन्यात त्याचा फोन भरला. "जरा जागा करून द्या," म्हणून तो शेजारी दूध घालायला गेला. मी हौसेने बसलो. भावगीतं, अभंग ठेवले. ज्यांची नावंही वाचता येईनात ती सगळी उडवली.

परत येऊन त्याने यादी पाहिली. "बाकीची कुटंयत?"

"कामाची नव्हती, काढली."

तो ओरडला नाही. कॅन मात्र मोटारसायकलला असा अडकवला की झाकण उडालं. "तीन म्हयने हुडकत हुतो. नावंबी ध्यानात न्हाईत. कळत नव्हतं तर इचारायचं हुतं."

बायकोनेही माझी बाजू घेतली नाही.

दूध अजून येतं, मापाला चोख. तो थांबतो मात्र शेजाऱ्यांच्या गेटवर. काल तिथून एक तंतुवाद्य इतकं गोड वाजलं, की चहा तसाच ठेवून मी कुंपणाशी गेलो. "हे कुठलं हो?"

त्याने फोन खिशात टाकला. "तुमच्या कामाचं न्हाई, भाऊ."