दसऱ्याच्या मुहूर्तावर नवी आवृत्ती

उंद्रीच्या शेतकरी गटात फुकट राबणारे दोघंच होते. एक कॉम्प्युटर आणि दुसरा मी. बीटी कपाशीला अळी शिवत नाही, असं छातीठोक सांगणारे दरवर्षी बियाण्याच्या पाकिटावरचं नाव तेवढं बदलत होते आणि गुलाबी अळी निवांत बोंडात मुक्काम ठोकून होती. म्हणून गटाने शेतात सापळे लावले. त्यात या अळीचे किती पतंग अडकले ते रोज कॉम्प्युटरला सांगायचं. आकडा वाढला की तो सगळ्यांच्या मोबाइलवर मेसेज धाडी, फवारणी करा म्हणून. हा प्रोग्राम जगभरच्या हौशी मंडळींनी मिळून लिहिलेला, कोणीही वापरावा असा.

माझ्या काकूचा त्यावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास. फवारणीच्या औषधाने तिचे डोळे दिवसभर चुरचुरत, म्हणून उगाच एकही फवारा तिला नको असे. मेसेज आला की पंप पाठीवर, नाही आला तर पंप कोठ्यात. बोंडं फोडून बघायचं तिने सोडूनच दिलं होतं.

घोळ असा की प्रोग्राम एका मंडळीचा आणि तो ज्या सिस्टीमवर चाले ती दुसऱ्यांची. सिस्टीमवाल्यांनी आमची आवृत्ती काही वर्षं सांभाळू असा शब्द दिला होता. त्याला ते एलटीएस म्हणत. ती मुदत सरत आली आणि पुढची आवृत्ती काढायला त्यांना महिना सापडला तो ऑक्टोबर. तिच्याशी जुळणारा प्रोग्राम थंडीत येणार होता. इकडे ऑक्टोबरात बोंडं भरतात.

मी दोघांनाही लिहिलं, की आमच्याकडे वर्षाच्या बोलीवरचे सालदार गुढीपाडव्याला बदलतात, भर हंगामात कोणी बदलत नाही. तुम्हीही दोन्ही आवृत्त्या एकदमच उन्हाळ्यात काढा. सिस्टीमवाल्यांचं फार नम्र उत्तर आलं. सूचना आवडली, पण ऑक्टोबरात सगळे सुट्टीवरून परतलेले असतात, म्हणे. प्रोग्रामवाले म्हणाले, ते आधी ठरवतील, मग आम्ही. दोन जावांचं भांडण परवडलं, त्यात निदान स्वयंपाक तरी होतो.

मुदत संपली म्हणून मशीन त्याच दिवशी बंद पडत नाही. थंडीपर्यंत कशालाही हात लावू नका, असं गटाच्या अध्यक्षांना बजावून मी मेहकरला नोकरीवर गेलो. पण दसरा आला. अवजारांच्या पूजेत कॉम्प्युटरही मांडला गेला, त्याला झेंडूचा हार, कीबोर्डवर हळदकुंकू. पडद्यावर ‘नवी आवृत्ती तयार आहे’ असं झळकत होतं. अध्यक्षांनी नारळ फोडला आणि बटण दाबलं. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

“मुहूर्त टळून राह्यला होता, म्हणून टाकून देल्लं नवीन. मस्त चालू हाय, काई काळजी करू नोको.”

मस्तच चालू होतं. प्रोग्राम उघडत होता, आकडे घेत होता. फक्त मेसेज धाडणारा भाग नव्या सिस्टीमवर मुकाट पडला होता. पतंग वाढताना अध्यक्षांना रोज दिसत होते, पण मशीन गप्प आहे म्हणजे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळत असेल, असा त्यांचा हिशेब. गावाचा हिशेब त्याहून सोपा होता. मेसेज नाही म्हणजे अळी नाही.

दिवाळीला आलो तेव्हा मला हे कळलं. संतापून दोन्हीकडे लिहिलं. सिस्टीमवाले म्हणाले, जुन्या आवृत्तीची मुदत संपली आहे, नवी वापरा. प्रोग्रामवाले म्हणाले, नवीवर आम्ही अजून तपासलेलं नाही, जुनीच वापरा. दोघांनीही शेवटी आभार मानले होते. त्या आभारांचाच मला जास्त राग आला.

काकूच्या शेतात गेलो. अर्धवट उमललेली बोंडं, आत पिवळा, किडका कापूस. ती ओटीत वेचत होती आणि त्यातलं निम्मं बांधावर फेकत होती. मी तिला सगळं समजावून सांगितलं. आवृत्ती, मुदत, दोन मंडळी, कोणाचीच चूक कशी नाही ते. तिने एक बोंड फोडून माझ्या तळहातावर ठेवलं. आत अळी वळवळत होती.

“मेसेज कोनालेच गेला नाही म्हन्तं,” ती म्हणाली. “मंग हिले कोनं धाडला?”