अक्षता आणि आतला कॉम्प्युटर

पेणच्या आमच्या गणपतींच्या कारखान्यात दसऱ्याला कॉम्प्युटरचीही पूजा होते. एका वर्षी वहिनींनी इतक्या भक्तिभावाने अक्षता उधळल्या, की दाणे जाळीतून थेट पंख्यात गेले. पंखा अडला, डबा तापला आणि उदबत्तीच्या जोडीला त्याचाही धूर निघाला.

मी हसलो. वहिनी हसल्या नाहीत. मूर्तींच्या पितांबरांच्या किनारी माझ्या दादाने त्याच कॉम्प्युटरवर काढल्या होत्या, आणि दादा आता नव्हता. किनारींचे स्टेन्सिल कापणारं यंत्र चालवणारा प्रोग्रामही इतका जुना, की नव्या लॅपटॉपवर सुरूच होईना.

"ह्यांच्या किनारी गेल्या का हो, भावोजी?"

रोह्याच्या एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळणारी माझी भाची शिफ्ट संपवून आली. जुन्या डब्यातली डिस्क शाबूत होती. तिची हुबेहूब प्रत तिने लॅपटॉपवर घेतली, बरीच खटपट केली, आणि पडद्यावर एक चौकट उघडली. चौकटीत दादाचा कॉम्प्युटर! लॅपटॉपच्या पोटात आख्खा दुसरा कॉम्प्युटर, आणि त्या बिचाऱ्याला वाटतंय, आपण अजून जुन्या डब्यातच आहोत!

"ह्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात, मामी. कंपनीतले जुने प्रोग्राम आम्ही असेच वेगळे ठेवतो. ह्याला इंटरनेट द्यायचं नाय. म्हणजे आतलं दुखणं आत राहतं."

"आणि आतलंच सगळं बिघडलं तर?" मी विचारलं.

तिने एक बटण दाबलं. "आता बिघडवा, मामा."

मला एवढं आमंत्रण पुरतं. मी किनारींचा आख्खा फोल्डर पुसून टाकला.

"अवो भावोजी, काय केलंत ह्ये!" वहिनी किंचाळल्या.

भाचीने पुन्हा काहीतरी दाबलं आणि किनारी जागच्या जागी! मघाच्या बटणाने तिने आतल्या कॉम्प्युटरची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवली होती. मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी यंत्राने दादाची कमळांची किनार कापली. वहिनी ती उजेडात धरून बराच वेळ बघत होत्या.

पुढच्या दसऱ्याला त्या ताट घेऊन लॅपटॉपसमोर थबकल्या. "बाहेरच्याला लावते गो कुंकू. पण आतल्याला?"

भाचीने आतल्या पडद्यावर लाल ठिपका काढला आणि ती स्थिती नव्याने जपून ठेवली. आता मी कितीदाही पुसलं तरी किनारी कुंकवासकट परत येतात.

अक्षता मात्र वहिनींनी माझ्या डोक्यावर टाकल्या. म्हणाल्या, "बिघडवणारे हेच हायत."