‘शांत’ म्हणायचं नाही!

आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये प्रत्येक स्लाइडला नंबर असतो, किश्श्यांना नसतो. त्यामुळे स्लाइड्स कपाटात मावतात आणि किस्से चहा आला की बाहेर सांडतात.

परवा चहा संगीताताईंनीच मागवला. ताई आमच्याकडे स्लाइड्स बनवतात. त्यांच्या टाचेवरचा काळा डाग काढला, तर तो निघाला कॅन्सर. अगदी सुरुवातीचा. आता पसरणार की नाही, एवढंच कळायचं होतं. आत पाठक सर त्यांचीच स्लाइड बघत होते.

ताई म्हणाल्या, “अशी सुतकी तोंडं करू नका गं. काहीतरी बोला!”

मग काय, सुरू झालो.

*

आमच्याकडे एक सॉफ्टवेअर आलंय. पेशी कशा दिसतात ते बघून कॅन्सर पसरेल का, याचा अंदाज देतं. पेशी एकसारख्या, आपापल्या जागेवर बसलेल्या असल्या तर धोका कमी. वेड्यावाकड्या, वाटेल तिथं घुसलेल्या असल्या तर जास्त. सर पहिल्यांना ‘शांत’ म्हणायचे, दुसऱ्यांना ‘उनाड’.

कंपनीचा माणूस म्हणाला, “सर, आता तुम्हाला बघायची गरजच नाही!”

“माझ्या आईनंही फोटो बघूनच सांगितलं होतं, मुलगी शांत आहे.”

“मग?”

“तेव्हापासून मी सगळं स्वतः दोनदा बघतो.”

*

पंचवटीतल्या एका गुरुजींनी पाठीवरचा तीळ तपासायला दिला होता. भविष्य सांगणारं मशीन बघूनच जाईन म्हणाले.

“जन्मवेळ लागत नाही?”

“नाही गुरुजी. नुसता चेहरा. तोही पेशीचा.”

“आणि चुकलं तर?”

“खाली सरांची सही असते ना.”

गुरुजी म्हणाले, “आमच्यात सहीची पद्धत नाही, ते एक बरं आहे!”

*

देवळा गावचे एक आजोबा रिपोर्ट घ्यायला एसटीनं निघाले होते. सुनेला घरी चैन पडेना, तिनं लॅबला फोन लावला. रेंज सारखी तुटत होती. मी आपली ओरडून सांगतेय, “आजोबांच्या पेशी शांत! एकदम शांत!”

तिकडे ‘आजोबा’ आणि ‘शांत’ एवढंच पोचलं. जो हंबरडा फुटला!

तेवढ्यात काउंटरवर काठी वाजली. “बाई, माझा रिपोट झाला का?”

मी घाईघाईनं फोन आजोबांच्याच हातात दिला. त्यांनी कानाला लावला, ऐकलं आणि परत दिला.

“घरी कोन तरी गेलंय वाटतं. लय रडताय. रिपोट ऱ्हाऊ द्या, मी निघतो.”

त्याच संध्याकाळी सरांनी फतवा काढला, “लॅबमध्ये ‘शांत’ म्हणायचं नाही. ‘धोका कमी’ म्हणायचं!”

*

इथपर्यंत आलो आणि आतलं दार उघडलं. सगळ्यांचं हसू जागच्या जागी थांबलं.

सर चष्मा पुसत बाहेर आले. डोळे भरलेले. मला तर वाटलं, संपलं सगळं.

“मशीननं बघितलं. मी दोनदा बघितलं. मग परत एकदा बघितलं.” सरांनी चष्मा परत चढवला. “शांत. संगीता, एकदम शांत.”

ताईंनी कप खाली ठेवला.

“सर, नक्की कोण? पेशी की मी?”